श्रीकृष्ण वेलिणकर

लेफ्टनंट श्रीकृष्ण चंदा वेलिणकर (इ.स. १८९४ – ३० जून, इ.स. १९१८) हे पहिल्या महायुद्धात लढलेले मुंबईचे वैमानिक होते. ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये आणि पुढे तिचेच रूपांतर झालेल्या रॉयल एअर फोर्समध्ये लढाऊ वैमानिक म्हणून काम केलेल्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. २३व्या स्क्वाड्रनचे सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन २७ जून १९१८ रोजी ते फ्रान्समधील आघाडीवर गस्तीस गेले, ते परत आले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती पडले व तीन दिवसांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. शत्रूने त्यांना सन्मानाने पुरले, परंतु चुकीच्या नावाने. त्यांची कबर सोम विभागातील हांगार या गावच्या युद्धस्मशानभूमीत आहे.

== नाव ==

वेलिणकर हे आडनाव गोव्यातील फोंडे तालुक्यातल्या वेलिंग या गावावरून पडलेले आहे. गोव्यातून मुंबईस आलेल्या घराण्यांत ते वेलिंगकर, वेलिणकर अशा दोन्ही रूपांत आढळते. ब्रिटिश सैनिकी दप्तरात रोमन लिपीत नाव नोंदवताना ‘ग’ गळाला आहे; मधले नाव कोठे ‘चंदा’ तर कोठे ‘चुंदा’ असे वाचता येईल अशा रीतीने लिहिले आहे. ‘श्रीकृष्ण’ हे एकच नाव ‘श्री’ आणि ‘कृष्ण’ असे तोडून लिहिल्यामुळे काही इंग्रजी ग्रंथांत ‘श्री’ हे त्यांचे पहिले नाव समजले जाते. दप्तरातील ही ओढाताण येथे सांगण्याचे कारण असे की, मृत्यूनंतर या तरुणाचा माग लागणे वा न लागणे हे पुढे याच अक्षरांवर अवलंबून राहिले.

== पार्श्वभूमी ==

१९१४ साली युद्धास तोंड फुटले तेव्हा भारतीय सैन्यातील हिंदी माणूस जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर होऊ शकत असे. हे अधिकारी व्हाइसरॉयच्या सनदेवर नेमलेले असत आणि पलटणीतला सर्वांत कनिष्ठ गोरा अधिकारीही त्यांचा वरिष्ठ ठरे. ज्याला ‘किंग्ज कमिशन’ म्हणत, ती राजाची सनद वैद्यकीय सेवेसारखे अपवाद सोडल्यास हिंदी लोकांना बंद होती. ऑगस्ट १९१७ मध्ये हे दार किलकिले झाले आणि नऊ हिंदी अधिकाऱ्यांना भूदलात ही सनद देण्यात आली.

हवाई दलातील गोष्ट थोडी निराळी होती, आणि तिला कारण तत्त्वाचे नसून गरजेचे होते. एप्रिल १९१७ या एका महिन्यात रॉयल फ्लाइंग कोअरची २४५ विमाने नष्ट झाली, २११ वैमानिक व निरीक्षक मारले गेले किंवा बेपत्ता झाले आणि १०८ जण कैद झाले. इंग्रजी इतिहासात हा महिना ‘रक्तरंजित एप्रिल’ या नावानेच ओळखला जातो. ज्या दलाची माणसे अशी खर्ची पडत होती, त्याला विलायतेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या, इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या आणि स्वतःहून पुढे येणाऱ्या हिंदी तरुणांना फार काळ दाराबाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. तरीही आरंभी त्यांना दाराबाहेरच ठेवण्यात आले.

== प्रवेश ==

वेलिणकर उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक होण्यासाठी अर्ज केला, तेव्हा एअर मेकॅनिक म्हणून भरती होण्याचा सल्ला त्यांना मिळाला. मेकॅनिकचे काम हलके नव्हते. त्या काळच्या विमानाचे इंजिन दर काही तासांच्या उड्डाणानंतर खोलावे लागे आणि वैमानिकाचा जीव अक्षरशः त्या हातांवर असे. पण मेकॅनिक हा सनदी अधिकारी नव्हता. विद्यापीठात शिकलेल्या इंग्रज तरुणाला असा सल्ला सहसा दिला जात नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तराचा अर्थ स्पष्ट होतो. वेलिणकरांनी तो सल्ला मानला नाही. १९१७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली.

हाच अनुभव सरदार हरदितसिंग मलिक यांनाही आला होता. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयाचे हे विद्यार्थी इंग्लंडमध्ये नकार मिळाल्यावर फ्रान्सला गेले आणि तेथे रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच हवाई दल आपल्याला घेण्यास तयार आहे असे त्यांनी आपले प्राध्यापक फ्रान्सिस अर्कर्ट यांना कळवले. ब्रिटिश प्रजाजनाला ब्रिटन नाकारते आणि फ्रान्स स्वीकारते, ही लाजिरवाणी गोष्ट अर्कर्ट यांनी जनरल हेंडरसन यांच्या कानी घातली आणि मलिक यांना प्रवेश मिळाला. ही हकिकत मलिक यांच्या आत्मचरित्रात आली आहे. त्यांना दीर्घायुष्य लाभले व आपली गोष्ट त्यांना स्वतः सांगता आली. वेलिणकरांना ती संधी मिळाली नाही.

== सॉपविथ डॉल्फिन ==

१ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. त्या सुमारास २३व्या स्क्वाड्रनला आपली जुनी फ्रेंच स्पाड विमाने देऊन सॉपविथ डॉल्फिन विमाने मिळाली होती. वेलिणकर याच विमानावर लढले.

डॉल्फिन हे एका माणसाचे, दुपंखी विमान होते. हर्बर्ट स्मिथ यांनी त्याची आखणी केली होती आणि मे १९१७ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले होते. इतर दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्या पंखाच्या थोडा पुढे असे. डॉल्फिनमध्ये तो मागे होता. वैमानिकाची बैठक अशी की त्याचे डोके वरच्या पंखाच्या सांगाड्यातील मोकळ्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे वरचे व समोरचे आकाश त्याला इतर कोणत्याही ब्रिटिश विमानापेक्षा मोकळे दिसे. याची किंमतही तशीच होती. उतरताना विमान उलटले तर सर्वप्रथम जमिनीवर आपटणार ते वैमानिकाचे डोके, ही धास्ती पहिल्यापासून होती. पुढे काही विमानांवर डोक्याच्या बचावासाठी लोखंडी कमानी बसवण्यात आल्या.

इंजिन दोनशे अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा होते. त्यातील दातेरी चाके वारंवार दगा देत. ते नीट चालले तर विमान ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग घेई आणि सुमारे ६,००० मीटर उंचीपर्यंत चढे. या उंचीवर उघड्या बैठकीत बसणे म्हणजे गोठवणारी थंडी आणि विरळ हवा दोन्ही सोसणे होय. शस्त्रांत पंख्याच्या फेऱ्यातून गोळ्या झाडणाऱ्या दोन व्हिकर्स तोफा आणि वर रोखलेल्या एक-दोन लुईस मशीनगन असत. वरच्या मशीनगनी हेलकावे घेऊन वैमानिकाच्या तोंडावर आदळत म्हणून बरेच वैमानिक त्या काढून टाकत.

डॉल्फिनला प्रत्येकी २५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ११ किलोचे, चार बॉम्बही टांगता येत. १९१८ च्या वसंतातील जर्मन आक्रमणापासून लढाऊ विमानांनी खाली येऊन खंदक, रस्ते व तोफखाने यांवर बॉम्ब टाकणे हा नित्याचा भाग झाला होता. लढाऊ विमान आणि बॉम्बफेकी विमान असा पुढच्या युद्धात दिसणारा काटेकोर भेद या काळात नव्हता. वैमानिकांना जमिनीवरील माऱ्याची ही कामगिरी सर्वांत अप्रिय होती, कारण आकाशातल्या शत्रूशी कौशल्याने लढता येते. जमिनीवरून अंदाधुंद झाडलेल्या गोळ्यांपुढे कौशल्य चालत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. जर्मन वैमानिकांना १९१८ च्या मध्यास ती मिळू लागली होती. २९ जून १९१८ रोजी, म्हणजे वेलिणकर पडल्यानंतर दोनच दिवसांनी, एर्न्स्ट उडेट हा नामांकित जर्मन वैमानिक विमान निकामी झाल्यावर छत्रीने उडी मारून वाचला.

== अखेरचे उड्डाण ==

जून १९१८ मध्ये २३वे स्क्वाड्रन आमियाँ शहराच्या आसपासच्या आघाडीवर होते. २१ मार्चला सुरू झालेले जर्मन आक्रमण या शहराच्या वेशीपाशी, व्हिलर्स-ब्रेतोनो येथे, एप्रिलच्या अखेरीस थोपवले गेले होते. त्यानंतर दोन्ही सैन्ये समोरासमोर रुतून बसली आणि ८ ऑगस्टला दोस्तांचा मोठा प्रतिहल्ला सुरू होईपर्यंत आघाडी फारशी हलली नाही. जमिनीवर अशी तुलनेने शांतता असली, तरी आकाशात ती नव्हती. ब्रिटिशांचे धोरण शत्रूच्या हद्दीत घुसून गस्त घालण्याचे होते. तिथे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. लढता लढता विमाने त्या वाऱ्याबरोबर आणखी आत ढकलली जात आणि परतताना तोच वारा समोरून येई. इंजिन बिघडले किंवा वैमानिक जखमी झाला तर त्याला शत्रूच्या मुलखातच उतरणे भाग पडे. बेपत्ता ब्रिटिश वैमानिकांची संख्या एवढी मोठी असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

२७ जून रोजी वेलिणकर अशाच चढाईच्या गस्तीवर गेले. चकमकीत त्यांचे विमान जर्मन हद्दीत कोसळले. ते जिवंत होते, पण जखमा गंभीर होत्या. जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जून रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटिश दप्तरात मात्र त्यांची नोंद ‘बेपत्ता’ अशी झाली.

== ‘बेपत्ता’ आणि ‘वुमकार’ ==

‘बेपत्ता’ हा शब्द तारेने घरी पोचे, तेव्हा त्याचे तीन अर्थ संभवत: कैद, मृत्यू, किंवा दोन्ही आघाड्यांच्या मधल्या मातीत कायमचे नाहीसे होणे. कुटुंबाने पहिल्यावर आशा ठेवायची आणि तिसऱ्याला भ्यायचे. चौकशीचे मार्ग दोन होते. जिनिव्हा येथे ऑगस्ट १९१४ पासून रेड क्रॉसची युद्धकैदी संस्था काम करत होती. युद्धरत देशांकडून आलेल्या याद्या ताडून तिने सुमारे सत्तर लाख नोंदपत्रे तयार केली. दुसरा मार्ग वैमानिकांचा स्वतःचा होता. पडलेल्या शत्रुवैमानिकाचे नाव व त्याची अवस्था लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या बाजूच्या हद्दीत टाकण्याची प्रथा दोन्हीकडे होती. लाखो माणसे निनावी मारणाऱ्या त्या युद्धात ही प्रथा टिकून राहिली, हे नवल वाटण्याजोगे आहे.

या दोन्ही मार्गांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे बरोबर नाव. वेलिणकरांच्या बाबतीत तेच हरवले. युद्ध संपल्यावर शोध घेता जर्मनांनी उभारलेल्या एका कबरीवर ‘ओबरलॉयटनंट वुमकार’ असा लेख आढळला. ‘ओबरलॉयटनंट’ हा ब्रिटिशांच्या लेफ्टनंटला समांतर असा जर्मन हुद्दा. ‘वुमकार’ नावाचा कोणी अधिकारी ब्रिटिश यादीत नव्हता आणि जर्मन यादीतही नव्हता.

रोमन लिपीत घाईने, अक्षरे जोडून लिहिलेले ‘वेलिणकर’ समोर ठेवले तर ही चूक कशी घडली याचा अंदाज बांधता येतो. मधली अक्षरे उभ्या रेघांची एक माळ होतात. ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही त्याला त्या रेघांत ‘उम’ दिसणे अगदी स्वाभाविक आहे. आरंभीचे ‘व’ आणि शेवटचे ‘कर’ तेवढे शाबूत राहिले. अमुक गावचा रहिवासी असे सांगणारा हा मराठी प्रत्यय फ्रान्समधल्या जर्मन कबरीच्या खुणेवर टिकला, गावाचे नाव मात्र पुसले गेले. जर्मन लेखनिकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने परक्या देशाच्या, परक्या लिपीच्या, मेलेल्या शत्रूचे नाव लिहून ठेवण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्या अर्ध्या बरोबर नावामुळेच पुढे ओळख पटली. फळी कोरी असती तर आज ही कबर हजारो अनाम कबरींपैकी एक असती.

== कबर ==

ओळख पटल्यावर वेलिणकरांची नोंद हांगार येथील गावच्या स्मशानभूमीच्या विस्तारित भागात झाली. आमियाँच्या आग्नेयेस असलेले हांगार हे छोटे गाव एप्रिल १९१८ मध्ये अटीतटीने लढवले गेले होते. तिथली युद्धस्मशानभूमी ऑगस्ट १९१८ मध्ये कॅनडाच्या सैन्याने सुरू केली आणि युद्धानंतर आसपासच्या रणभूमीवरील एकाकी कबरी तेथे हलवण्यात आल्या. तेथे पाचशेहून अधिक सैनिक आहेत. त्यांतील निम्म्याच्या आसपास सैनिकांची ओळख पटलेली नाही.

ही व्यवस्था पाहणाऱ्या इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना फेबियन वेअर यांच्या प्रयत्नाने २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने झाली. आज तिचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन असे आहे. हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता सर्वांना सारखीच शिला, हे तिचे घोषित तत्त्व होते. ही शिला सुमारे ८१ सेंटिमीटर उंच असते. तिच्या तळाशी कुटुंबाला आपल्या पसंतीची एक ओळ कोरून घेता येई. मर्यादा ६६ अक्षरांची, आणि आरंभी दर अक्षराला साडेतीन पेन्स आकार. वेलिणकरांच्या शिलेवरील इंग्रजी ओळीचा आशय, साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मानित स्मृतीस, असा आहे.

ही ओळ आज वाचताना ‘साम्राज्य’ हा शब्द अडखळायला लावतो. ज्या वर्षांत या कबरी बांधल्या जात होत्या, त्याच वर्षांत रौलट कायदा झाला, जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि असहकाराची चळवळ उभी राहिली. तथापि त्या ओळीकडे केवळ राजनिष्ठा म्हणून पाहणे एकांगी ठरेल. ज्या साम्राज्याने या मुलाला प्रथम मेकॅनिक होण्यास सांगितले, त्याच्याच दगडावर त्याला शूरांच्या पंक्तीत बसवण्याचा हक्क त्या अक्षरांनी बजावला आहे, असाही तिचा अर्थ लावता येतो.

== समकालीन भारतीय वैमानिक ==

वेलिणकर व मलिक यांच्याखेरीज आणखी दोन नावे प्रसिद्ध आहेत. कलकत्त्याचे एरोल सुवो चंदर सेन ७०व्या स्क्वाड्रनमध्ये होते. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले व उरलेले युद्ध त्यांनी जर्मनीत कैदेत काढले. इंद्रलाल रॉय हेही कलकत्त्याचे. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी शत्रूची दहा विमाने पाडली आणि २२ जुलै रोजी, एकोणिसाव्या वर्षी, ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस देण्यात आला. त्यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मलिक २८व्या स्क्वाड्रनमध्ये होते. ऑक्टोबर १९१७ मध्ये ते पायाला गोळ्या लागूनही परतले आणि स्वातंत्र्यानंतर कॅनडात उच्चायुक्त व फ्रान्समध्ये राजदूत झाले.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चोवीस भारतीय वैमानिक ब्रिटनला पाठवण्यात आले. त्यांतील काहींनी लढाऊ विमाने तर काहींनी जर्मनीवर हल्ले करणारी बॉम्बफेकी विमाने चालवली. त्या युद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ हवाई सैनिक मरण पावले आणि बेपत्ता वैमानिकांचा शोध घेणे हे एका स्वतंत्र पथकाचे काम झाले. ज्यांची कबर मिळाली नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळील रनीमीड येथील स्मारकावर कोरली आहेत.

== नाव असलेले आणि नसलेले ==

वेलिणकर हे सनदी अधिकारी होते आणि फ्रान्समध्ये पडले, म्हणून त्यांना नावाची शिला मिळाली. त्याच युद्धात कुलाबा, रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून गेलेल्या मराठा व महार शिपायांचे भाग्य वेगळे होते. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. इराकमध्ये मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले, त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणनिहाय संख्या तेवढी दिली गेली. समानतेच्या तत्त्वाला आशिया व आफ्रिकेत अशी मुरड घातली गेल्याचे कमिशनने २०२१ मधील आपल्या अहवालात मान्य केले व माफी मागितली.

महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली त्या काळची छोटी शिला आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो.